मार्चआधी एक विमान

ज्या कचेरीत काम कमी अन् माणसं तीच ती, तिथं किस्से साचतात. कोणी मुद्दाम साठवत नाही, दुसरं काही साचायलाच नसतं! आमच्या हवाईपट्टीवर मी दहा-बारा वर्षं मस्टर कारकून होतो. एवढ्या वर्षांत उतरलेली विमानं मोजायला दोन्ही हातापायांची बोटं बस होतील. किस्से मात्र विचारू नका. अन् खरं सांगू? त्यातले निम्मे सांगताना मी हसतो, अन् घरी गेल्यावर जेवण जात नाही.

आता आपण ज्या टपरीवर चहा पिऊन राह्यलो ना, तिथं विमान वळायचं. हा समोरचा रुंद रस्ता, जिथं पोट्टे क्रिकेट खेळतात, ती पट्टी. लढाईच्या काळात गोऱ्यांनी बांधली. तेव्हा शहर दोन कोस लांब होतं. मग शहर सरकत सरकत आमच्या तारेच्या कुंपणाला येऊन टेकलं अन् आत डोकावू लागलं.

पट्टी बांधकाम खात्याकडे होती. माणसं चारच. जाधव साहेब, उपअभियंता, साताऱ्याकडचे, हसताना दिसले तर तब्येत विचारावी असे. रोलरवाले कादरभाई. मी, म्हणजे खोब्रागडे बाबू. अन् चौकीदार बकाराम सिडाम. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या टोल्याचा, म्हणजे छोट्या वस्तीचा माणूस. बावीस वर्षं रोजंदारीवर! त्याची एकच इच्छा होती, नावापुढं 'कायम' लागावं. त्याची बायको सोमीबाई कागदावर नव्हती, पण पट्टीवर सगळ्यात जास्त चालायची ती तिचीच सत्ता.

*

सुरुवात लुगड्यापासून करतो.

वारा कुठून वाहतो ते वरून दिसावं म्हणून पट्टीच्या कडेला खांबावर कापडाची एक लांब पिशवी असते. आमची फाटली. मी नवीन पिशवीची मागणी लिहिली. वर्ष गेलं. स्मरणपत्र लिहिलं. तेव्हा उत्तर आलं, "जुनी फाटलेली पिशवी आधी जमा करावी, मग नवीन मिळेल."

जुनी पिशवी वाऱ्यानं उडून केव्हाच जंगलात गेली होती! काय जमा करता?

बकारामनं एका सकाळी खांबावर नवीन पिशवी चढवली. लालभडक, काठाची. सोमीबाईचं लुगडं. तिनंच बसून शिवलं होतं. पुढं एक विमान उतरलं तेव्हा पायलट खाली येऊन आधी खांबाजवळ गेला अन् म्हणाला, "हिंदुस्तान में ऐसा कहीं नहीं देखा. बॉर्डरवाला!"

जाधव साहेबांचा चेहरा उतरला. पायलट गेल्यावर त्यांनी बकारामला बोलावलं. "हे कापड सरकारी आहे का?"

"नाई सायब, बायकोचा हाय."

"मग सरकारी खांबावर कसं काय लावलं?"

बकाराम खांबाकडं बघून म्हणाला, "वारा बी सरकारी नाई ना सायब!"

साहेबांनी तोंड फिरवलं. कादरभाई शपथेवर सांगायचे की साहेब हसले होते. मला नाही वाटत. सोमीबाई मात्र येता-जाता वर बघून बोलायची, "माहा लुगडा वरतं हवा खाऊन राह्यला, अन् मी खालतं फाटक्यात हिंडून राह्यली!"

*

चैत लागला की टोल्यातल्या बाया मोहफुलं वाळवायला पट्टीवर आणायच्या. डांबर असं तापायचं की सकाळी टाकलेला मोह संध्याकाळी खडखडीत. नियमाप्रमाणे पट्टीवर काडी पडता कामा नये. पण बकारामची अट एकच होती, विमानाची घंटा वाजली की पाच मिनिटांत झाडून साफ. बाया ऐकायच्या, कारण झाडणाऱ्यांत सगळ्यात पुढं सोमीबाई असायची.

एकदा पहाटे मोह खायला अस्वल आलं. बसून खाल्लं, पोट भरल्यावर पट्टीच्या मधोमध झोपलं. साहेब नेमके त्या दिवशी लवकर आले! जीपमधून उतरलेच नाहीत. कचेरीत येऊन त्यांनी मला पत्र सांगितलं, वन खात्याला. "आपले अस्वल आमच्या धावपट्टीवर वारंवार येत असून त्याचा तातडीने बंदोबस्त करावा."

महिन्यानं उत्तर आलं. "सदर धावपट्टी वनजमीन नाही. त्यामुळे त्या हद्दीत असताना अस्वल आपले समजण्यात यावे."

कादरभाई पोट धरून हसले. म्हणाले, "साहब, अब भालू अपनाच हुआ. रोजंदारी पे ले लेव, मस्टर पे नाम चढाव!"

बकाराम दारातच उभा होता. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "मंग त्याले बी खंड देसान का, बाबू?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी दौतीकडं पाहिलं.

*

खंडाचं सांगावंच लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही.

रोजंदारीचा माणूस सलग कामावर दिसला की तो कायम करा म्हणून मागू शकतो. म्हणून दर काही महिन्यांनी त्याला एक दिवस कागदावर गैरहजर दाखवायचं. त्याला म्हणायचं खंड. असा हुकूम वरून तोंडी यायचा. लेखी कधीच नाही. अन् मस्टरवर तो खंड लिहायचा कोणी? मी. लाल शाईनं, म्हणजे तपासणीत पटकन दिसावा.

माझा बाप छप्पन सालच्या दीक्षेनंतर वयाच्या चाळिशीत सही करायला शिकला. माझ्या अक्षराचं त्याला एवढं कौतुक की माझी शाळेतली वही तो आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, घरोघरी दाखवत फिरायचा. त्याच अक्षरात मी बकारामचे खंड लिहिले. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही.

खंडाच्या दिवशी मी त्याला म्हणायचो, "बकारामभाऊ, आज घरी बसा. आज तुम्ही कागदावर नाही."

"मी नाई, पर गायी तं हायेत ना बाबू!" असं म्हणून तो काठी घेऊन पट्टीवर बसलेल्या गायी हाकलायला निघायचा. बावीस वर्षांत तो एकाही खंडाला घरी बसला नाही.

अन् एका खंडाला नेमकं विमान उतरलं! बकारामनं गायी हाकलल्या, निशाण दाखवलं, पायलटला पाणी दिलं. अन् रिवाजाप्रमाणे विमानाच्या नोंदवहीत त्या विमानापुढं आपला अंगठा उठवला. चौकीदाराचा अंगठा नसेल तर विमान उतरलंच नाही, असा त्या वहीचा नियम होता. झालं! एका वहीत माणूस हजर, दुसऱ्या वहीत त्याच दिवशी लाल शाईत गैरहजर.

ऑडिटवाल्यांनी बरोबर पकडलं. "चौकीदार अनुपस्थित असताना विमान कोणी उतरवले, याचा खुलासा करावा."

साहेब दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खुलासा सांगितला अन् मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. "विमान स्वतःहून उतरले."

खुलासा मान्य झाला! कोणीही पुन्हा विचारलं नाही. मी बकारामला म्हटलं, "भाऊ, तुम्ही सही तरी शिका. मी शिकवतो." तर तो अंगठा माझ्यासमोर धरून म्हणाला, "सही कोनी बी करते बाबू. हा दुसऱ्या कोनाचा निघत नाई."

*

गायींचं ऐका. शहरातल्या साऱ्या मोकाट गायी पट्टीवर बसायला यायच्या. विमान येणार असा फोन आला की बकाराम कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा, अन् मग काठी घेऊन गायी हाकलायचा. वर्षानुवर्षं हेच. शेवटी गायी शहाण्या झाल्या. टोल पडले की काठीची वाट न बघता उठायच्या अन् ओळीनं कुंपणाबाहेर जायच्या.

एकदा एक मंत्री फोन न करताच आले. विमान डोक्यावर घिरट्या घालून राह्यलं अन् खाली पन्नासेक गायी रवंथ करत बसलेल्या! साहेब ओरडत धावले, कादरभाईंनी रोलर चालू केला, मी वही हातात धरून उभा. एक गाय हलेना. बकाराम पाणी भरायला गेला होता. तो धावत आला, गायींकडं पाहिलंही नाही, थेट कडुलिंबाखाली जाऊन रूळ ठोकला. गायी उठल्या अन् चालू लागल्या!

मंत्री उतरल्यावर म्हणाले, "जाधव साहेब, तुमच्या गायी शिस्तीच्या आहेत. ऑफिसातल्या लोकांना यांच्याकडं ट्रेनिंगला पाठवा."

साहेबांनी संधी साधली. बकारामला पुढं ओढलं अन् हात जोडून म्हणाले, "सर, हा माणूस वीस वर्षं रोजंदारीवर आहे." हे त्यांनी स्वतःहून केलं, मी म्हणेन ते. मंत्र्यांनी बकारामच्या खांद्यावर हात ठेवला, पीएला सांगितलं, "लिहून घ्या." पीएनं लिहून घेतलं. त्या दिवसापासून बकारामची फाईल चालायला लागली, अन् आमच्याकडं फाईल चालते म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

*

मग आमच्या चांदा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. साहेब लोकांच्या जीपा वाढल्या, विमानं आटली. एका वर्षी तर पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, पण एक विमान नाही. अन् तेवढ्यात नागपूरहून पत्र आलं. आर्थिक वर्षात जिथं एकही विमान उतरलं नसेल ती पट्टी बंद समजावी अन् तिची जागा वसाहतीच्या प्लॉटसाठी द्यावी.

त्याच टपालात बकारामच्या फाईलचंही उत्तर होतं. पट्टी चालू राहिल्यास चौकीदाराचं पद मंजूर, अन् त्या पदावर बकाराम सिडाम कायम! फक्त शेवटची सही बाकी, ती एप्रिलमध्ये.

म्हणजे हिशेब सरळ होता. एकतीस मार्चच्या आत एक विमान उतरलं तर पट्टी राहते अन् बकाराम कायम होतो. नाही उतरलं तर दोन्ही जातात.

मी त्याला पत्र वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "एकच पायजे ना, बाबू? लहानसा बी चालते?"

"चालते."

"मंग येईन ना बापा. एवढा आभाळ हाय."

पण आभाळाआधी मोजणीवाले आले! पट्टी अजून बंद झाली नव्हती, तरी प्लॉट पाडायला साखळी घेऊन हजर. दिवसभर मोजून त्यांनी पट्टीवर अन् आजूबाजूला चुन्याच्या रेघा मारल्या, सागाच्या खुंट्या ठोकल्या अन् गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तो एक खुंटी नाही! पुन्हा मोजलं, पुन्हा ठोकल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा गायब! असं चार दिवस चाललं. मोजणीवाल्याला वाटलं, गावातल्या कोण्या पार्टीचं काम आहे. तो पोलिसांत तक्रार द्यायला निघाला.

साहेबांनी बकारामला विचारलं, "खुंट्या कुठं गेल्या?"

"गोदामात हायेत सायब. मोजून ठेवल्या."

खरंच होत्या. एका रेषेत रचलेल्या, दिवसवार वेगळ्या बांधलेल्या. पट्टीवर सापडलेली वस्तू उचलून गोदामात ठेवायची, हा त्याच्या कामाचा पहिला नियम होता अन् तो बावीस वर्षं पाळत आला होता. मोजणीवाला ओरडला, "अरे बाबा, इथं घरं होणार आहेत!"

"होवू द्या ना," बकाराम म्हणाला, "पर पयले इमान येऊन जाऊ द्या. त्याच्या चाकात खुटी घुसली तं?"

मोजणीवाल्यानं साखळी गुंडाळली. म्हणाला, "एकतीस तारखेनंतर येतो." जाताना त्यानं बकारामला बिडी दिली. वाईट माणूस नव्हता तो.

*

जाधव साहेबांनी त्या महिन्यात जेवढे फोन केले तेवढे उभ्या नोकरीत केले नसतील. शेवटी मार्चच्या शेवटच्या दिवसांत एक सरकारी विमान मिळालं. सिरोंचाकडं कोणाला तरी सोडून परत जाताना पाच मिनिटं उतरेल, चाकं टेकवेल अन् उडेल. बस, तेवढंच पाहिजे होतं!

आम्ही लग्नघरासारखे कामाला लागलो. कादरभाईंनी पट्टी दाबून काढली. मी स्वतः चुन्याचे पट्टे मारले, बाबू असून! बकारामनं खांबावर चढून लुगड्याची पिशवी सुई-दोऱ्यानं सांधली. अन् आदल्या दिवशी टोल्यात जाऊन साऱ्या बायांना सांगून आला, "उद्या पट्टीवर मोह टाकाचा नाई. एक बी फूल दिसाले नाई पायजे."

बायांनी ऐकलं. त्या दिवशी पट्टीवर खरंच एक फूल नव्हतं.

दुपारी फोन आला. बकारामनं टोल दिले. गायी उठून ओळीनं गेल्या. तो नवीन धोतर नेसून, लाल निशाण घेऊन आपल्या जागी उभा राहिला. साहेबांनी टाय लावला होता! कादरभाई मला म्हणाले, "बाबू, आज बकाराम का पेढा पक्का."

अन् मला धुराचा वास आला.

तुम्हाला माहीतच आहे, मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की पडलेलं फूल दिसतं. दरवर्षी जाळतात, आजे-पणजे जाळत आले. त्या दिवशी बायांना मोह वाळवायला पट्टी नव्हती, म्हणजे हात मोकळे. सोमीबाई म्हणाली, चला, आज पट्टीच्या टोकाची झाडं साफ करून घेऊ. तिनं सगळ्यांच्या आधी आग लावली. मग बाकीच्यांनी. मोह पट्टीवर टाकू नका एवढंच त्यांना सांगितलं होतं. पाला जाळू नका असं कोणीच सांगितलं नव्हतं. ना बकारामनं, ना साहेबांनी, ना मी.

विमान आलं तेव्हा निम्मी पट्टी धुरात होती. बकाराम निशाण टाकून धावला. पळसाची फांदी घेऊन आगीवर मारू लागला. पायातली चप्पल कुठं गेली त्याला कळलं नाही. आम्ही बादल्या घेऊन मागं. वरून विमानानं एक फेरी घातली. दुसरी घातली. तिसऱ्या फेरीला एवढं खाली आलं की खिडकीतला माणूस दिसला. मग नाक वर करून नागपूरच्या दिशेनं गेलं.

आवाज बंद झाला तरी बकाराम फांदी मारतच होता. सोमीबाई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली अन् म्हणाली, "काऊन गेला गा तो? उतरला काऊन नाई?"

बकारामनं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "हवा बराबर नव्हती."

*

पुढं काय झालं ते तुमच्या डोळ्यासमोर आहे. पट्टी बंद झाली. खुंट्या पुन्हा ठोकल्या गेल्या अन् त्या कोणी उचलल्या नाहीत. टोकाचे मोह कापले. लोकांनी प्लॉट घेतले, अन् मग एकेकाच्या लक्षात आलं की खाली गोऱ्यांची गिट्टी आहे! पाया खणायला दोनदा पहार मारली की पहार वाकायची. ते समोरचे गुरुजी आहेत ना, त्यांच्या तुळशी वृंदावनात सहा वेळा तुळस लावली. जगत नाही. त्यांच्या मिसेस म्हणतात, जागेला काहीतरी दोष आहे.

पट्टी फोडायला ठेकेदाराला मजूर पाहिजे होते. त्यानं पहिल्यांदा कोणाला विचारलं असेल? बकारामला! म्हणाला, "तुले तं इथली इंच न् इंच माहीत हाय." बकाराम पहार घेऊन गेला. सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहिला. मग पहार कडुलिंबाला टेकवून ठेवली अन् सोमीबाईला घेऊन पोंभुर्ण्याच्या बाजूला निघून गेला. रुळाचा तुकडा तेवढा मागून नेला.

मागं एकदा मी त्याच्या टोल्यात गेलो होतो. तो जंगलात गेला होता. सोमीबाईनं चहा केला. म्हणाली, "बाबू, एक इच्यारू? माहा तो लुगडा लय जुना झाला होता. हवा त्याच्यात भरत नव्हती. तवा मी नवा दिला असता, तं उतरला असता का तो?"

मी कप खाली ठेवला अन् म्हटलं, "नाही बाई. लुगडं चांगलं होतं."

*

आता एक राहिलं. हा किस्सा मी फारसा सांगत नाही. पण निघालाच आहे विषय तर ऐका.

विमान परत गेलं त्याच संध्याकाळी. साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं. टाय अजून गळ्यातच होता. म्हणाले, "खोब्रागडे, आज विमान आलं होतं. आवाज साऱ्या शहरानं ऐकलाय. टेकलं की नाही, हे बघायला कोण आलंय? लिहा."

"साहेब, पायलटच्या वहीत..."

"त्याची वही नागपुरात, आपली वही इथं. माझ्या नोकरीत दोन वह्या कधी एकमेकींना भेटलेल्या मी पाहिल्या नाहीत. तुम्ही लिहा. जबाबदारी माझी."

जाधव साहेबांबद्दल कोणी वाईट बोललं की मला ही संध्याकाळ आठवते. त्यांची पेन्शन होती, पोरीचं लग्न होतं, अन् तरी ते म्हणाले, जबाबदारी माझी.

मी विमानाची नोंदवही उघडली. तारीख टाकली, वेळ टाकली, अन् पुढं लिहिलं, "विमान सुखरूप उतरले." माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. सुंदर दिसत होतं. आता फक्त त्याच्यापुढच्या चौकटीत चौकीदाराचा अंगठा पाहिजे होता.

बकाराम आला. नवीन धोतर काळंठिक्कर, तळपाय भाजलेले, टाचांवर उभा. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढली अन् म्हणाले, "बसा, बकारामभाऊ." बावीस वर्षांत पहिल्यांदा! मग त्याला नीट समजावलं. हा एक अंगठा लावला की पट्टी राहते. पट्टी राहिली की एप्रिलमध्ये तुम्ही कायम. कोणी काही विचारणार नाही.

बकारामनं ऐकून घेतलं. मला म्हणाला, "वाचून दाखवा, बाबू."

मी वाचलं.

"चाक टेकला नाई, बाबू."

"माहीत आहे, भाऊ."

त्यानं वही बाजूला सारली. मग म्हणाला, "मांगचे मस्टर हायेत ना कपाटात? काढा."

"कोणते?"

"सारे."

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी कपाटातून गठ्ठे काढले. माझे, माझ्या आधीच्या बाबूचे, धूळ खाल्लेले. टेबलावर मांडले. बकारामनं पहिला गठ्ठा सोडला अन् पानं उलटू लागला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण लाल शाई कोणालाही दिसते. एका पानावर तो थांबला. लाल खुणेवर बोट ठेवून मला विचारलं, "या दिवशी मी होतो का नाई?"

साहेब खिडकीकडं वळले होते.

"सांगा बाबू. होतो का नाई?"

"होतात," मी म्हटलं.

त्यानं अंगठा शाईच्या पॅडवर दाबला अन् लाल खुणेवर उठवला. पान उलटलं. पुढची लाल खूण सापडली.

"या दिवशी?"

"होतात."

अंगठा. पुन्हा पानं.

"या दिवशी इमान बी आला होता."

"हो. होतात तुम्ही."

अंगठा. असं करत करत तो सारे गठ्ठे चालला. मधेच पॅड वाळलं, मी दौतीतली शाई त्याच्यावर ओतली. साहेबांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. शेवटचं मस्टर संपलं तेव्हा त्यानं साऱ्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या पहिल्यासारख्या बांधल्या.

मग विमानाची वही जवळ ओढली. माझी ओळ पाहिली, पुढची रिकामी चौकट पाहिली, अन् वही बंद करून माझ्याकडं सरकवली. अंगठा डोक्याच्या केसांना पुसला अन् टाचांवरच उठला.

"येतो, बाबू. गायी आल्या असतीन."

थोड्या वेळानं बाहेर रुळावर टोल पडले. मी खिडकीतून पाहिलं. पट्टीवरच्या गायी उठून ओळीनं चालू लागल्या होत्या.